लस टोचूनही मेंढ्या खंगतायत, मग लस वाया गेली का?

प्रश्न आटपाडीकडच्या एका तरुण मेंढपाळाचा आहे. घरी ८४ मेंढ्या, बहुतेक माडग्याळ जातीच्या, थोड्या दख्खनी. चार वर्षांपूर्वी त्यांनी बाजारातून १२ मेंढ्या विकत आणल्या. पुढे वर्ष-दीड वर्षात काही मेंढ्या नीट चरत असूनही वाळत गेल्या आणि मेल्या. शवविच्छेदन झालं, प्रयोगशाळेतून जोन्स, म्हणजे आतड्याचा जुनाट संसर्गजन्य आजार, असल्याचं कळलं. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांच्या सल्ल्याने लस मागवून तेव्हाच्या सगळ्या मेंढ्यांना एकदा टोचून घेतली. तरी यंदा आणखी तीन खंगल्या, त्यातल्या दोन गेल्या. घाबरून ११ मेंढ्यांचं रक्त तपासलं तर ७ पॉझिटिव्ह. ते विचारतात, लस वाया गेली का? वडील म्हणतात कळप मोडून टाकू, ते बरोबर आहे का? आणि पत्राच्या शेवटी जाता जाता एक ओळ आहे: नंतर जन्मलेल्या कोकरांना काही टोचलेलं नाही.

मी ३१ वर्षं पशुवैद्यकीय दवाखान्यांत काम केलं. त्यातली बरीचशी माण, सांगोला, जत या मेंढ्यांच्या पट्ट्यात गेली. हा आजार मी पुष्कळ कळपांत पाहिला आहे आणि सुरुवातीची काही वर्षं तो जंत समजून सोडूनही दिला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. एक आधीच सांगतो. तुमच्या पत्रातली मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती गोष्ट म्हणजे ती शेवटची ओळ. मेलेल्या दोन मेंढ्या आणि सात पॉझिटिव्ह रिपोर्ट त्याच्या नंतर येतात. का, ते पुढे येईलच.

तुमच्या प्रश्नात तीन प्रश्न गुंतले आहेत. टोचलेली मेंढी आजारी का पडली? रक्ताचा रिपोर्ट नेमकं काय सांगतो? आणि आता काय करायचं? यातला पहिला समजला की बाकीचे दोन बरेचसे आपोआप सुटतात.

हा जंतू क्षयाच्या जंतूच्या कुळातला. अतिशय सावकाश वाढणारा, मेणासारख्या जाड आवरणाचा. जर्मनीत योने आणि त्यांच्या सहकाऱ्याने १८९५ मध्ये गाईच्या आतड्यात तो पहिल्यांदा दाखवला, त्यांच्याच नावावरून आपण जोन्स म्हणतो. मेंढीला तो बहुतेक वेळा कोकरू असतानाच लागतो. आजारी मेंढीच्या लेंड्यांनी माखलेली कास कोकराच्या तोंडात जाते, तिथून. चिकातून, दुधातूनही जातो आणि आजार बळावलेल्या मेंढीच्या पोटातल्या गर्भालाही लागू शकतो. मग दोन-तीन वर्षं काही दिसत नाही. कोकरू वाढतं, गाभण राहतं, व्यायतं. तीन-चार वर्षांची झाली की एखाद्या वेताच्या ताणानंतर मेंढी झडायला लागते.

गाईला या आजारात पिचकारीसारखी हगवण लागते, मेंढीला पुष्कळदा लागतच नाही. लेंड्या थोड्या मऊ होतात, एकमेकींना चिकटून गोळा पडतो, एवढंच. लोकर ओढली की हातात येते. शेवटी जबड्याखाली पाणी उतरतं. आपल्याकडे जबड्याखाली पाणी दिसलं की पहिला हात जंताच्या औषधाकडे जातो, आणि तो जाणं चूकही नाही, कारण रक्त पिणाऱ्या जंतांनीही हेच होतं. म्हणून मी आधी पापणी उलटून पाहतो. आतली बाजू पांढरीफटक असेल तर आधी जंत आणि यकृतातले चपटे कृमी. पापणी बऱ्यापैकी गुलाबी, भूक चांगली, औषध पाजूनही सुधारणा नाही, आणि मेंढी महिन्यागणिक हलकी होतेय, तर मग माझ्या मनात जोन्स येतो. दोन्ही एकत्र असू शकतात, हेही लक्षात ठेवा. शिवाय दात झिजलेली म्हातारी मेंढी, पोटात गाठी झालेली मेंढी, जुना फुफ्फुसाचा आजार, हेही असंच खंगवतात. तुमच्या यंदाच्या तीनपैकी किती जणींचं शवविच्छेदन झालं ते तुम्ही लिहिलेलं नाही. झालं नसेल तर त्या जोन्सनेच गेल्या हे आपण धरून चाललोय.

आता प्रतिकारशक्ती. हे समजावताना मी नेहमी वाघरीचं, म्हणजे मेंढ्यांभोवतीच्या जाळीच्या कुंपणाचं, उदाहरण देतो, कारण ते मेंढपाळाला लगेच पटतं. रात्री मेंढ्या वाघरीत आहेत. बाहेर चार माणसं काठ्या घेऊन फिरतायत. लांडगा बाहेरून आला तर ती माणसं उपयोगी. पण लांडगा वाघरीच्या आत शिरून मेंढ्यांच्या मधोमध बसला असेल तर बाहेरच्या काठ्या कितीही वाढवा, त्याला काही होत नाही. आत उतरून त्याच्याशी भिडणारा कुत्रा लागतो.

रक्तातली प्रतिपिंडं (अँटीबॉडी) म्हणजे ती बाहेरची काठीवाली माणसं. देवी, आंत्रविषार अशा आजारांच्या लसींत त्यांचा मोठा वाटा असतो. आंत्रविषारात तर विष रक्तात फिरतं आणि प्रतिपिंडं त्याला तिथेच गाठतात. जोन्सचा जंतू मात्र पेशीच्या आत राहतो. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात तो भिंतीतून आत शिरतो, तिथे भक्षक पेशी त्याला गिळतात. गिळल्यावर एरवी पेशी आपल्या पाचक रसांनी जंतूला मारते. हा जंतू ते रस आपल्यापर्यंत पोहोचूच देत नाही, आणि ज्या पेशीने मारायचं तिच्यातच घर करतो. तिला पुन्हा कामाला लावायचं तर टी-पेशींकडून, म्हणजे प्रतिकाराचं काम करणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींकडून, इशारा यावा लागतो. त्या इशाऱ्यातलं मुख्य रसायन म्हणजे इंटरफेरॉन गॅमा. तो मिळाला की भक्षक पेशी तरतरीत होते, आतले जंतू मारते किंवा त्यांना गाठीत कोंडून ठेवते. आत उतरणारा कुत्रा तो हा.

लागण झाल्यावर पहिल्या काळात बऱ्याच मेंढ्यांत हे टी-पेशींचं काम चांगलं चालतं. काही मेंढ्या आजार तिथेच रोखतात, आयुष्यभर धडधाकट राहतात. काहींत मात्र कालांतराने तोल जातो. इंटरफेरॉनचा जोर कमी होतो, आणि शरीर प्रतिपिंडं भराभरा बनवायला लागतं. म्हणजे काठीवाले वाढले, कुत्रा दमला. याच सुमाराला लेंड्यांतून जंतू प्रचंड संख्येने बाहेर पडू लागतात आणि मेंढी झडायला लागते. म्हणून लस न टोचलेल्या मेंढीत रक्ताची प्रतिपिंड चाचणी पॉझिटिव्ह येते ती बहुधा आजार पुढे गेल्यावर. सुरुवातीच्या मेंढीत ती निगेटिव्हच येते, आणि लोक फसतात. खूप प्रतिपिंडं म्हणजे खूप संरक्षण, हा हिशेब या आजारात चालत नाही.

मग लस काय करते? जंतू मारून, तेलात घोळवून कातडीखाली देतात. तेलामुळे तो साठा तिथे महिनोन्‌महिने टिकतो आणि शरीराला त्याची ओळख सतत होत राहते. त्यातून टी-पेशी तयार होतात, म्हणजे पुढे खरा जंतू आतड्यात शिरला तर इशारा लवकर आणि जोरात जातो. प्रतिपिंडंही तयार होतात, पण ती या लसीचा जोडधंदा समजा. यातून दोन गोष्टी निघतात. लस जंतूला आतड्याच्या दारात अडवत नाही, मेंढीला लागण होऊ शकते. आणि ज्या मेंढीत जंतू आधीच दोन वर्षं घर करून बसलाय, तिथे लस उशिरा पोहोचलेली असते. तिचा थोडा उपयोग होतो, काहींचा आजार लांबतोही, पण लसीने जंतू शरीरातून धुऊन निघेल असं होत नाही.

ऑस्ट्रेलियात हे नीट मोजलं गेलं आहे. तिथे मेंढ्यांत हा आजार १९८० मध्ये न्यू साउथ वेल्समध्ये सापडला आणि पुढे शेकडो कळपांत पसरला. २००२ पासून तिथे गुडेर नावाची मारलेल्या जंतूची लस वापरात आहे. एक ते चार महिन्यांच्या कोकरांना टोचून पुढे काही वर्षं पाहिलं, तेव्हा या आजाराने होणारे मृत्यू आणि लेंड्यांतून जंतू टाकणाऱ्या मेंढ्या, दोन्ही सुमारे ९० टक्क्यांनी कमी झाले. जंतू टाकायला सुरुवातही उशिरा झाली. पण त्याच चाचण्यांत टोचलेल्या काही मोजक्या मेंढ्या भरपूर जंतू टाकताना सापडल्या. वर्षानुवर्षं लस चालू असलेल्या कळपांतही थोडा जंतू शिल्लक राहतो. उरलेल्या दहा टक्क्यांत एखादी मेंढी तुमचीही असू शकते, ती दिसली म्हणजे लस खोटी ठरत नाही.

आता हे तुमच्या कळपाला लावून पाहू. बाजारातल्या १२ मेंढ्या चार वर्षांपूर्वी आल्या. आल्यावर पहिल्या वर्षी जी कोकरं जन्मली त्यांना लहानपणी लागण झाली असं धरलं, तर लस टोचली तेव्हा ती वर्ष-दोन वर्षांची होती, जंतू आत बसलेला होता. आज त्या मेंढ्या तीन-साडेतीन वर्षांच्या आहेत, म्हणजे नेमक्या झडण्याच्या वयात. त्या बारातल्या ज्या उरल्या असतील त्या तर आणखी मोठ्या. यंदाच्या तिन्ही मेंढ्या या दोनपैकी एका गटातल्या असतील तर लस फसली असं मी म्हणणार नाही. ती त्यांच्यापर्यंत पोहोचली तेव्हा लागण होऊन गेली होती. असे मृत्यू लस सुरू केल्यावर पहिली दोन-तीन वर्षं होतच राहतात. लोक इथेच धीर सोडतात आणि लस बंद करतात.

हे वयावर अवलंबून आहे, म्हणून जी एक मेंढी अजून जिवंत आहे तिचे दात बघा आणि मेलेल्या दोघी कोणत्या वेताच्या होत्या ते घरच्यांना विचारून लिहून काढा. तिघींपैकी एखादीला अगदी लहान असताना, तीन-चार महिन्यांची असताना लस मिळाली होती आणि तरी ती झडली असं निघालं, तर मात्र मी लसीकडे बघेन. बाटली कुठे ठेवली होती, बर्फाला चिकटून गोठली होती का? तेलातली लस एकदा गोठली की फुटते, पुन्हा हलवून एकजीव दिसली तरी तिच्यावर भरवसा नाही. दोन ते आठ अंश, एवढंच तिचं घर. सुई कातडीच्या आरपार जाऊन लस लोकरीत सांडली असंही होतं, विशेषतः संध्याकाळी घाईत टोचताना.

टोचलेल्या मेंढीच्या मानेवर कातडीखाली बोराएवढी गाठ हाताला लागते. पुष्कळ मेंढ्यांत ती काही महिन्यांनी विरते, काहींत वर्षानुवर्षं राहते. कापून पिळायची नाही, ती या लसीचीच खूण आहे. तुमच्या मेंढ्यांच्या माना एकदा हाताने चाचपून बघा. बऱ्याच जणींना गाठ लागली तर निदान लस कातडीखाली गेली होती एवढं कळेल. गाठ नाही म्हणजे टोचलंच नाही असं मात्र नाही.

रक्ताच्या रिपोर्टबद्दल आता थोडक्यात सांगता येईल. टोचलेल्या ११ मेंढ्यांत ७ जणींना प्रतिपिंडं सापडली, यात काही नवल नाही. लसीने ती तयार केली असणार. चाचणी लसीची प्रतिपिंडं आणि आजाराची प्रतिपिंडं वेगळी ओळखत नाही. म्हणून त्या सातजणींना आजारी समजून विकू नका आणि उरलेल्या चौघींना सुरक्षितही समजू नका. टोचलेल्या कळपात हा रक्ततपासणीचा खर्च पुन्हा करू नका. हा जंतू क्षयाच्या जंतूच्या कुळातला असल्याने गाई-म्हशींच्या क्षयाच्या कातडीवरच्या चाचणीतही लसीमुळे गोंधळ होतो. घरी जनावरं असतील आणि त्यांनाही ही लस द्यायचा कोणी सल्ला दिला तर तो मुद्दा डॉक्टरांशी आधी बोला.

तपासायचं तर लेंड्या तपासा. प्रतिपिंडं लसीने येतात, लेंड्यांतला जंतू लसीने येत नाही, कारण लसीतला जंतू मेलेला आहे आणि तो मानेत आहे. वाळत चाललेल्या मेंढीची लेंडी थेट गुदद्वारातून, स्वच्छ हातमोज्याने काढलेली, वेगळी द्या. धडधाकट मेंढ्यांच्या लेंड्या गटागटाने एकत्र करून दिल्या तर खर्च कमी होतो. वयाप्रमाणे गट करा: बाजारातल्या, लस टोचताना मोठ्या असलेल्या, आणि लस न मिळालेल्या. जंतूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या पीसीआर तपासणीचा निकाल लवकर येतो. जंतू वाढवून बघायचं म्हटलं तर महिने जातात, मेंढ्यांतले प्रकार तर फारच हळू वाढतात. तालुक्याच्या दवाखान्यामार्फत पुण्याच्या औंधमधल्या पशुरोग अन्वेषण विभागाकडे नमुने पाठवता येतात, कोणती तपासणी सध्या चालू आहे ते आधी फोनवर विचारून घ्यावं.

आणि मेंढी मेली तर ती फुकट जाऊ देऊ नका, उघडा. माझ्या स्वतःच्या नजरेला हा आजार नीट कळला तो एका धनगर आजोबांच्या वाड्यावर. पाचवी मेंढी मेली होती, आधीच्या चारांना मी जंताचं औषध देत बसलो होतो. बाभळीखाली पोतं अंथरून मेंढी उघडली. चरबी नावाला नाही, पाण्यासारखा चिकट पदार्थ तिच्या जागी. लहान आतड्याचा शेवटचा हातभर भाग बाहेर काढला तर बोटांना तो रबरी नळीसारखा जाड लागला. बाहेरून पांढऱ्या दोऱ्यांसारख्या रसवाहिन्या उठून दिसत होत्या आणि जवळच्या गाठी सुपारीपेक्षा मोठ्या. कात्रीने उभा चिरून पाण्याने धुतला. आत वळ्या पडल्या होत्या. मी दोन्ही हातांनी ताणून बघितलं, वळ्या सपाट होईनात. आजोबा शेजारी उकिडवे बसले होते. त्यांनी निरोगी बोकडाचं आतडं आयुष्यभर पाहिलेलं. त्यांनी बोट फिरवलं आणि म्हणाले, "हे तर आत जाडजूड झालंय, मग खाल्लेलं अंगाला लागंल कसं?" आजाराचं इतकं नेमकं वर्णन मला कॉलेजात कोणी करून दिलं नव्हतं. आतला थर खरवडून काचेवर घेतला, झील-नील्सन या रंगवण्याच्या पद्धतीने रंगवला, तर सूक्ष्मदर्शकाखाली लाल काड्यांचे झुबकेच्या झुबके. मेंढीत दर वेळी आतडं इतकं जाड दिसत नाही, म्हणून वरवर बरं दिसलं तरी तो शेवटचा तुकडा आणि गाठी प्रयोगशाळेत द्याव्यात. अर्धा फॉर्मॅलिनमध्ये, अर्धा बर्फात.

कळप मोडण्याबद्दल. वडिलांची भीती मी समजू शकतो, दर वर्षी डोळ्यांदेखत मेंढी खंगताना बघणं सोपं नाही. पण मोडून पुन्हा कुठून आणणार? बाजारात आजार नसल्याची खात्री देणारं कोणी नाही, आणि तुमच्याकडे हा आजार तिथूनच आलेला दिसतो. आइसलँडचं उदाहरण यासाठी फार बोलकं आहे. १९३३ मध्ये त्यांनी जर्मनीतून २० काराकुल मेंढ्या आणल्या, दिसायला ठणठणीत. त्यांच्याबरोबर तीन जुनाट आजार देशात शिरले: फुफ्फुस आणि मेंदूला होणारा मेडी-विस्ना, फुफ्फुसातली गाठ करणारा जागझिक्टे, आणि हा आपला जोन्स. तिथल्या लोकांनी गावंच्या गावं मेंढ्या मारल्या, कुंपणं घातली, निरोगी भागातून नव्या आणल्या. त्या वाटेने पहिले दोन आजार देशातून गेले. जोन्स गेला नाही. शेवटी १९५० च्या दशकात तिथल्या शास्त्रज्ञांनी मारलेल्या जंतूची लस करून पाहिली. मृत्यू नव्वद टक्क्यांहून अधिक घटले, आणि १९६६ पासून बाधित भागांत कोकरांना लस सक्तीची झाली. एवढा सगळा देश कळप मोडून जे करू शकला नाही ते आपण एका वाड्याच्या जिवावर करू, असं मला वाटत नाही. म्हणून माझा सल्ला कळप ठेवण्याचा आहे. तुमची परिस्थिती वेगळी असेल, कर्ज असेल, राखायला माणूस नसेल, तर निर्णय वेगळा होऊ शकतो. तो मग पैशाचा आणि मनुष्यबळाचा निर्णय आहे, त्याचा दोष लसीवर टाकू नका.

कळप ठेवायचा तर कोकरांना लस, दर वेताला, न चुकता. तुमची खरी गळती इथे आहे. दोन वर्षांत जन्मलेली कोकरं टोचलेली नाहीत, ती त्याच वाड्यात, त्याच कासेला वाढली. आज ती धडधाकट दिसतात. लस बंद राहिली तर दोन वर्षांनी तुम्ही मला हेच पत्र पुन्हा लिहाल, फक्त आकडा मोठा असेल. एक ते चार महिन्यांच्या दरम्यान टोचलं तर लस आणि लागण यांच्या शर्यतीत लस पुढे राहण्याची शक्यता सगळ्यात जास्त. जी आता मोठी झालीत त्यांनाही टोचा, उपयोग कमी होईल पण होईल. आपल्याकडे मथुरेजवळच्या मखदूम इथल्या केंद्रीय बकरी संशोधन संस्थेने देशी जंतूपासून लस तयार केली आहे. ‘इंडियन बायसन टाइप’ नावाचा हा प्रकार आपल्या शेळ्या-मेंढ्यांत सापडणारा. मागवताना दवाखान्यातल्या डॉक्टरांना सोबत घ्या, आणि मात्रा व वय लेबलावर असेल तेच पाळा. आंत्रविषार, पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा प्लेग) या लसींचं वेळापत्रक आधीच आहे, सगळं एका दिवसात उरकू नका. जंताचं औषध आधी होऊ द्या. कोकरू अशक्त, तापलेलं असेल तर थांबा.

टोचताना मेंढी धरायला माणूस पक्का असू द्या. तेलातली लस माणसाच्या बोटात गेली तर प्रकरण गंभीर होतं. माझ्या एका सहकाऱ्याच्या अंगठ्यात असल्या लसीची सुई गेली होती. टोचल्याचा ठिपकासुद्धा दिसत नव्हता म्हणून त्याने दुर्लक्ष केलं. तिसऱ्या दिवशी अंगठा काळानिळा होऊन सुजला, शस्त्रक्रिया करून आतलं तेल काढावं लागलं आणि सांधा पूर्वीसारखा वळला नाही. असं झालं तर चोळू नका, पिळू नका, बाटली किंवा लेबल खिशात घालून ताबडतोब माणसांच्या दवाखान्यात जा आणि तेलयुक्त लस टोचली गेली आहे हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

लसीइतकंच वजन मी कोकरांच्या जागेला देतो. आपल्याकडे कळप चरायला जातो तेव्हा लहान कोकरं डाल्याखाली, झाडाच्या सावलीत ठेवतात. तेच झाड, तीच जागा, वर्षानुवर्षं. ऑस्ट्रेलियात मातीत हा जंतू किती टिकतो ते पाहिलं, तेव्हा पूर्ण सावलीतल्या कोरड्या मातीत तो ५५ आठवड्यांपर्यंत जिवंत सापडला. उघड्या उन्हात, गवत काढलेल्या जागी तो फार लवकर कमी झाला. म्हणजे ज्या सावलीत आपण कोकरू जपतो तिथेच गेल्या वर्षीच्या आजारी मेंढीची लेंडी जिवंत असते. म्हणून येत्या वेताला कोकरांची जागा बदला. नवी जागा उन्हाची, झाडलेली, वर तात्पुरता आडोसा केलेली असू द्या. पिण्याचं पाणी जमिनीपासून उंच भांड्यात ठेवा म्हणजे त्यात लेंड्या पडत नाहीत. व्यायलेल्या मेंढीची कास पहिल्या चिकाआधी धुऊन पुसा. चौऱ्याऐंशी मेंढ्यांना हे जमणार नाही हे मला माहीत आहे, पण ज्या रोडावल्यात त्यांना तरी करा. आणि खंगलेल्या मेंढीच्या पोटची पाठ (मादी कोकरू) कितीही देखणी निघाली तरी कळपात वाढवायला ठेवू नका. आई मेलेलं कोकरू दुसरीला लावताना ती दुसरी अंगाने भरलेली बघून लावा.

आता ती जिवंत असलेली तिसरी मेंढी. तिला आजच वेगळी काढा. लेंडी तपासायला द्या. जोन्स निघाला तर ती कळपात परत जायला नको, कारण अशी एक मेंढी दिवसाला जेवढे जंतू टाकते तेवढे बाकीचा अख्खा कळप टाकत नसेल. औषधाने ती बरी होणार नाही, प्रतिजैविकांवर पैसे घालू नका. आणि कृपा करून तिला बाजारात पाळायला म्हणून उभी करू नका. चार वर्षांपूर्वी कुणीतरी नेमकं तेच केलं आणि ते ओझं आज तुम्ही वाहताय. मेली तर खोल पुरा. ओढ्यात किंवा उकिरड्यावर नको. घरात मेंढीचं दूध पीत असाल तर उकळूनच प्या. या जंतूचा माणसाच्या क्रोन्स या आतड्याच्या आजाराशी संबंध असावा का, यावर शास्त्रज्ञांमध्ये अजून वाद आहे, उकळण्याला मात्र काही खर्च नाही.

शेवटचं काम वहीचं. कोणत्या कोकराला कोणत्या तारखेला लस, कोणत्या आईचं, आणि कानात खूण. टोचलेल्यांना एका कानात बिल्ला, न टोचलेल्यांना काही नाही, एवढं पुरे. मग दर वर्षी, लोकर कातरताना मेंढी हाताखाली असतेच, तेव्हा पाठीच्या कण्यावर हात फिरवून कोण भरली, कोण वाळली, ते लिहा. तीन-चार वर्षांनी बिल्लावाल्या मेंढ्या सहा दाती, आठ दाती होतील. त्या वयात त्यांच्यातल्या किती झडतात आणि बिनबिल्ल्याच्या किती, हे तुमच्याच वहीत दिसेल. लस चालली की नाही याचं उत्तर तिथे मिळेल. सध्या मला एवढंच कळवा: यंदाच्या तिघींचं वय, आणि त्यांच्यापैकी कोणी बाजारातल्या बारातली होती का.